हजेरीतून खोडलेली तीन नावे

ता. ४ मे, रविवार. औसा

डॉक्टरांनी तीन आठवडे बोलायला बंदी केली आहे, म्हणून हे लिहिणे. स्वरयंत्रावर गाठी आहेत. तीस वर्षे शाळेत ओरडले, निवृत्तीनंतर वाचनालयात. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "कुजबुजायचंही नाही. ते जास्त वाईट." घरी मी एकटी, तिथे अडचण नाही. अडचण वर्गाची.

ता. ५ मे, सोमवार

गळ्यात पाटी अडकवून वर्गाला गेले. वाचनालयाचा हा वर्ग प्रौढ बायकांसाठी, मोफत. पाच ते सहा. गाणे, संवाद, नाटुकले. दोन वर्षे मी चालवते. आज खडूने लिहिले, "पाठ ताठ." कमल अंगणवाडीत आहे, तिला वाचता येते. तिने वाचले आणि पदरचे जोडले, "पाठ ताठ करा गं, न्हाईतर बाई पाटी फेकून मारतील." सगळ्या हसल्या. ओरडता आले नाही. डस्टर आपटले.

परत आले तर आमचे अध्यक्ष वकीलसाहेब यांची चिठ्ठी. जिल्हा नवा झाल्यापासून वाचनालयाचे कागद उस्मानाबादऐवजी लातूरला जातात. तिथले साहेब २२ तारखेला वर्ग पाहायला येणार. हॉल पाणीटंचाईच्या कामाला हवा आहे, तशी मागणी आली आहे. वर्गात पंधरा बायका दिसल्या तर हॉल आपला. नाहीतर वर्ग बंद.

हजेरीत सतरा नावे होती. शनिवारीच तीन खोडली. सलग तीन दिवस उशीर झाला की नाव जाते. नियम माझाच.

ता. ७ मे, बुधवार

आठ बायका. आणि सतरंजीवर चार घागरी.

जनाबाई भाजी विकते. म्हणाली, "बाई, ही घागर सखूची, ही गंगूची. टँकरच्या लाइनीत घागर ठिवली की नंबर ऱ्हातोय. मंग हितं का न्हाई?"

लिहिले, "घागर संवाद म्हणत नाही."

"लाइनीत बी म्हणत न्हाई. पर पाणी मिळतंय."

मी हसले नाही. घागरी बाहेर ठेवायला लावल्या. हजेरी आठच मांडली.

ता. ९ मे, शुक्रवार

नाटुकले बसेना. 'विहिरीची मोजणी' बायकांनीच रचले आहे. कोरड्या विहिरीतले पाणी मोजायला एक साहेब येतो. साहेबाचे काम रुक्मिणबाईचे होते. खोडलेल्या तिघींतली ती एक. आज जनाबाईला उभे केले. तिचा साहेब आल्या आल्या विहिरीच्या पाया पडला.

रागाने पाटीवर लिहिले, "रुक्मिणबाई वेळेवर का येत नव्हती?" कमलने वाचले. मग कमलच म्हणाली, "बाई, टँकरला त्यांच्या गल्लीच्या घागरी समद्यात शेवटी लावत्यात. आपल्या भरल्याबिगर त्यांचा नंबर लागत न्हाई. तुमाला ठावं न्हाई?"

ठाऊक नव्हते. माझ्याकडे पाणी आणून देणारा माणूस आहे. मी फक्त हौद भरला का तेवढे बघते. दोन वर्षे हजेरी घेतली आणि

पुढे लिहवत नाही. उद्या जायचे.

ता. १० मे, शनिवार

रुक्मिणबाईच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागची गल्ली. प्रथमच. पाटीवर घरूनच लिहून नेले होते. तिच्यासमोर धरले तेव्हा लक्षात आले, तिला वाचता येत नाही. दोन वर्षे ऐकून ऐकून पाठ करत होती.

मालक पोस्टमन. ते आतून आले, चष्मा लावला, आणि तार वाचावी तसे वाचले. "चूक माझी झाली. नाव खोडायला नको होते. सोमवारी या." शेजारणी दारात आलेल्या. त्यांनी पुन्हा एकदा वाचले.

रुक्मिणबाई म्हणाली, "बाई, तुमचं बोलणं मालकाच्या तोंडून लई ग्वाड लागतंय."

मी उभीच. तिने बसायला पाट दिला, पाणी दिले. त्या पाण्याला किती उभे राहावे लागले असेल ते आता ठाऊक होते. सगळे प्याले.

"येते मी. पर खोडलंय ते तसंच ऱ्हाऊ द्या. खाली नव्यानं लिवा. आन् टँकर आधी, वर्ग मागून. अन् त्या दोघींच्या दारात बी जावा. पाटी घिऊन."

गेले. दोन्हीकडे पोस्टमन वाचायला आले.

ता. १३ मे, मंगळवार

सतरा. वर्ग कालपासून टँकर गेल्यावर भरतो. आज सहाला सुरू. सगळे संवाद तिलाच पाठ, म्हणून शिकवले रुक्मिणबाईने, मी खुर्चीत. कठीण जाते.

ती हॉलच्या टोकाला जाऊन ओळ हळू म्हणते. ऐकू आली नाही तर बायका पुढे सरकतात, कान देतात, मग तीच ओळ मोठ्याने म्हणतात. मी मोठ्याने सांगत असे, आणि त्या तोंडातल्या तोंडात म्हणत. कारण विचारायला गेले तर हात खडूकडे गेला आणि परत घेतला.

सखूचा "र" अजून गळतो. ते रुक्मिणबाईच्या लक्षात आले नाही. माझ्या आले.

ता. १९ मे, सोमवार

लातूर. गाठी कमी नाहीत, एक वाढली. सोलापूरला शस्त्रक्रिया. सोमवारी २६ ला बोलावले आहे. लिहून विचारले, "आवाज येईल का?" डॉक्टर माझे अक्षर बघत राहिले. "बघू या."

एस.टी.त बसायला जागा मिळाली.

ता. २२ मे, गुरुवार

साहेब आले, त्यांनी कळवलेल्या पाचच्या वेळी. टँकर आलाच नव्हता, म्हणून सतराही हजर. रुक्मिणबाईने मालकांची खाकी टोपी घालून सुरुवात केली. चार वाक्ये झाली असतील, हॉर्न वाजला. हॉल रिकामा. राहिलो साहेब, मी आणि पेटी.

साहेब म्हणाले, "हे काय?"

लिहिले, "चला."

चौकात गेलो. लाइन मारुतीच्या पारापर्यंत. रुक्मिणबाई अगदी शेवटी, टोपी तशीच, घागर पायाने पुढे सरकवत. आणि संवाद चालू. "विहीर रिकामी? मंग मोजायला लई सोपी! लिवा, पाणी शून्य, खोली भरपूर." मधल्या बायका आपापल्या जागेवरून उत्तरे देत होत्या. पुढच्या मागे तोंड करून उभ्या. टँकरवाला खाली उतरून ऐकत होता. तिचा आवाज टँकरपर्यंत जात होता, आणि ती ओरडत नव्हती.

साहेबांना नीट दिसेना, ते मधेच शिरले. ती त्याच साहेबी आवाजात म्हणाली, "ओ सायब! मधी घुसू नका. लाइन हितून हाय." आणि स्वतःच्या मागे बोट दाखवले.

साहेब गेले. तिच्या मागे उभे राहिले, संपेपर्यंत.

ते निघाले तेव्हा लिहून विचारले, "पंधरा भरल्या का?"

"बाई, चौकात मोजता आल्या नाहीत. आणि हॉलमध्ये तर आपण दोघेच होतो." मग टोपीवाल्या बाईंचे नाव विचारून घेतले. म्हणाले, "अहवाल पाठवतो." चेहऱ्यावरून काही कळले नाही.

ता. २३ मे, शुक्रवार

वकीलसाहेब घरी आले. मी गेल्यावर वर्ग रुक्मिणबाईकडे, असे काल त्यांना लिहून कळवले होते.

"बाई, लातूरचा निकाल यायचाय. अशा वेळी वर्गावर कुणी पदवीधर नको का? तिला सहीसुद्धा येत नाही."

लिहिले, "पदवीधर मीच होते. नावे मीच खोडली."

त्यांनी वाचले. चष्मा पुसून परत वाचले. "कमिटीपुढे ठेवतो." चहा न घेता गेले.

ता. २५ मे, रविवार

सकाळी वाचनालयात ताबा दिला. रुक्मिणबाई म्हणाली, "आवाज घिऊनच या, बाई. न्हाई आला तर बी या. पुढं बसा." मान हलवली. तिला पाटीचा उपयोग नाही.

दिले ते असे:

हॉलची किल्ली १, कपाटाची १.
पेटी १. एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही, बोटाने उचलावी.
ढोलकी १. उन्हात ठेवू नये.
नाटुकल्याची वही १. वाचून दाखवणार कमल.
हजेरीवही १. नावे सतरा.
वर्गाची वेळ: टँकर गेल्यावर.

ताबा देणार, माझी सही. घेणार, रुक्मिणबाई, डावा अंगठा. साक्षीला कमल.

अध्यक्षांच्या सहीची जागा ठेवली आहे.