पळीभर पाणी

।। श्री ।।

सुरत
भाद्रपद वद्य २, शके १९२१
(२७ सप्टेंबर १९९९)

चि. केतकी हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू वडोदऱ्यास वसतिगृहावर सुखरूप पोचलीस हे तुझ्या बाबांकडून, जयंतकडून, समजले. तुझ्या आईने, सुरेखाने, दिलेल्या करंज्या मैत्रिणींनी स्थानकावरच संपवल्या, हेही समजले. इकडे सर्व क्षेम.

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात तू गिटार वाजवलीस. मी पहिल्या रांगेत होतो. तू समोर उभी, बोटे तुझी हलत होती, आणि नाद मात्र मंडपाच्या चार कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून येत होता. तुझ्या पाठीशी काहीच नव्हते. लिंबायतचा पंडित, जो आपल्या मंडळाचे ध्वनिक्षेपक लावतो, त्याला मी विचारले, की हिचा ॲम्प्लिफायर कुठे गेला. त्याने तुझ्या पायाशी पडलेला तांबडा डबा दाखवला आणि सांगितले, की याच्या पोटात दहा-पंधरा ॲम्प्लिफायरांच्या नकला आहेत. बटण फिरवावे तसा तो सोंग पालटतो. पंडितला त्याचे मोठे कौतुक. मला शिसारी आली.

शिंपेला रुपे समजणारा निदान अज्ञानाने फसतो. येथे शिंपेवर रुप्याचा मुलामा जाणूनबुजून चढवला आहे, आणि जो फसतो त्याने टाळ्या वाजवायच्या! तुझा जुना ॲम्प्लिफायर ओबडधोबड होता, पण खरा होता. त्याच्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत तू थांबत असस. संध्येपूर्वी आचमन करावे तसे मला ते वाटे. त्याला तू अडगळीत टाकलेस, आणि अमेरिकेहून तुझ्या रोहितमामाने आणलेल्या या बहुरूप्याला पायाशी बसवलेस.

नवरात्रात तू कतारगामच्या मैदानावर गरब्याला वाजवणार आहेस. वाजव. परंतु खंडेनवमीला आपल्या घरी ज्याचे त्याचे साधन पाटावर मांडून पूजतात. माझे टाळ, सुरेखाचे शिवणयंत्र, जयंतचे पेन यांच्या शेजारी तुझी गिटार अवश्य येईल. तो डबा येणार नाही. हे निक्षून सांगतो.

अभ्यास सांभाळ. कळावे.

तुझा आजोबा,
विनायक

•

वडोदरा
३ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप आजोबांस केतकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अमृताने ते वाचलं आणि ती म्हणाली, ‘माझे आजोबा मला मारायचे तेव्हासुद्धा इतकं शुद्ध बोलत नसत.’ (अमृता म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, करंज्यांची मुख्य आरोपी.)

आजोबा, तुम्ही माझ्या डब्याला बहुरूपी म्हणालात. मान्य. पण तुम्ही प्रवचनात एकटेच यम होता, एकटेच नचिकेता होता, दोघांचे आवाज वेगळे काढता, आणि समोरच्या बायका डोळे पुसतात. त्यांना कुणी फसवलं म्हणायचं? त्या डब्यात मी जे सूर घालते ते माझेच असतात. तो फक्त त्यांना अंगरखा घालतो. ती जुनी ॲम्प्लिफायरची पेटी न्यायला टेम्पो लागतो आणि टेम्पोवाला किसनकाका दर वेळी ‘बेन, आ तिजोरी छे के?’ असं विचारतो. शिवाय वसतिगृहावर रात्री कानाला हेडफोन लावून मी हव्या तेवढ्याच आवाजात वाजवू शकते. हवा तेवढाच आवाज, हे केवढं सुख आहे ते तुम्हाला नाही समजायचं.

तुम्ही गेल्या आठवड्यात फोन केलात तेव्हा मी सारखं ‘काय? काय?’ करत होते, रागावू नका. इथल्या फोनमध्ये बिघाड आहे. तुम्ही पत्रच लिहीत जा. तुमचं रागावणं कागदावर जास्त छान दिसतं.

आणि खंडेनवमीचं माझंही निक्षून ऐका. गिटार आणि डबा दोघंही पाटावर, नाहीतर दोघंही नाहीत. मी येईन तेव्हा बघूच.

आई-बाबांना नमस्कार. रागासकट लोभ चालेल, पण असावा.

तुमची,
केतकी

•

सुरत
आश्विन शुद्ध ११, शके १९२१
(२० ऑक्टोबर १९९९)

चि. केतकी हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी क्षुब्ध मनाने लिहीत आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मी स्नान करून आलो तो पाटावर टाळांच्या आणि गिटारीच्या मध्ये तो डबा ऐटीत बसलेला. तू स्वयंपाकघरात आईशी हसत होतीस. सणाच्या दिवशी देवासमोर कलह नको म्हणून मी बोललो नाही. पूजा सांगितली आणि केली. फुलाने चार थेंब शिंपडले की टाळांची शुद्धी होते. त्या वस्तूला तेवढे पुरेल असे मला वाटले नाही. पंचपात्रातले पळीभर पाणी तिच्यावर घातले, हळदकुंकू वाहिले, आणि पाटावर ओघळ नको म्हणून उपरण्याने वरून पुसून घेतले. माझ्याकडून विधीत कसूर झाली नाही.

संध्याकाळी तू तो मैदानावर नेलास आणि गरब्याच्या पहिल्याच फेरीत तो मेला, असे जयंतने सांगितले. मला दुःख झाले असे लिहिले तर ते असत्य होईल. आयोजकांनी कोणा दुसऱ्या वादकाचा भलाथोरला ॲम्प्लिफायर तुझ्या पाठीशी आणून ठेवला आणि तू शेवटपर्यंत वाजवलेस. लोकांनी डोक्यावर घेतले म्हणे. म्हणजे नक्कल गेली आणि अस्सल वाजले! यातून तुला काही बोध होईल अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात दसऱ्याला काय झाले? तू घरात सर्वांना सोने दिलेस, माझ्या हातावर मात्र पान ठेवले नाहीस, वाकलीही नाहीस. पिशवी उचलून निघालीस. मी दारातून दोनदा हाक मारली. रस्त्यापलीकडच्या सरलाबाई वळून पाहू लागल्या, पण तू मान फिरवली नाहीस. एका यंत्रासाठी एवढा उर्मटपणा! ज्या वस्तूच्या संगतीने मुलगी आजोबांच्या हाकेला ओ देईनाशी होते, तिची मला किळस वाटते. तुझ्या वागण्याचीही वाटली, हे लपवत नाही.

उत्तराची वाट पाहतो.

विनायक

•

वडोदरा
२६ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पान दिलं नाही ते मुद्दाम. डबा आतून ओला होता हे मला मैदानावर कळलं, तो उघडल्यावर. आत कुंकू होतं. मला खूप राग आला होता आणि अजून आहे.

पण तुम्ही हाक मारलीत, हे मला तुमच्या पत्रातून समजलं. दोनदा मारलीत, तेही. मी ऐकली नाही, म्हणजे मला ऐकूच आली नाही.

गेल्या हिवाळ्यात इथल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डाव्या कानातले बारीक आवाज गेलेले होते. दोन नवरात्रं ती जुनी पेटी माझ्या डाव्या हाताला होती, आणि मैदानावरच्या ढोलांवर आवाज चढावा म्हणून आयोजक ती पूर्ण वाढवायला लावायचे. डॉक्टरांनी गिटार सोड म्हणून सांगितलं होतं. मामाला मी ते लिहिलं, म्हणून त्याने तो डबा आणला. त्याला मागे भोंगा लागत नाही. लोकांना कर्ण्यांतून हवा तेवढा आवाज जातो आणि माझ्या कानाशी मला झेपेल तेवढाच येतो. वाजवत राहायचा तेवढा एकच रस्ता होता. फोनमध्ये बिघाड नव्हता, आजोबा.

नवमीला मी तो मोठा ॲम्प्लिफायर नको म्हणून सांगायला हवं होतं. हजारो माणसं थांबली होती. नाही सांगितलं. तेव्हापासून डाव्या कानात शिट्टी वाजते आहे, झोपेतसुद्धा. डॉक्टर म्हणतात, शांततेत राहा, काही दिवसांत कमी होईल किंवा होणार नाही. गिटार पलंगाखाली ठेवली आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण नऊ भक्तींमध्ये श्रवण पहिली, असं तुम्ही मला मांडीवर घेऊन शिकवलंत. आई-बाबांनाही आत्ताच कळवते आहे.

केतकी

•

सुरत
आश्विन वद्य ९, शके १९२१
(१ नोव्हेंबर १९९९)

चि. केतकी,

तुझे पत्र जयंतने वाचून दाखवले. मी पुन्हा स्वतः वाचले. सुरेखा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि ते तिचे बरोबर आहे.

काल डाव्या कानात कापसाचा बोळा घालून बाजारात गेलो. रिंग रोडवर मागून रिक्षा आली. भोंगा ऐकला, पण तो कोणत्या बाजूने येतो हे समजेना. उलट तिच्याच दिशेने सरकलो. रिक्षावाल्याने गुजरातीत माझ्या वयाचा आणि अकलेचा जो उद्धार केला, त्यात एक शब्दही अतिशयोक्तीचा नव्हता. संध्याकाळी मंदिरात भजनाला बसलो तर चिपळ्यांचा आवाज बोथट लागला. तासाभरात बोळा काढून फेकला. तू तो काढू शकत नाहीस, हे मनात आले आणि उठून आलो.

मला किळस आलेली आहे, हे खरे. मैदानाच्या आयोजकांकडे मी जाऊन आलो. वादकाच्या कानापाशी असले यंत्र ठेवता कसे, असे विचारले, तर देवीच्या कार्यात आवाज मोठाच हवा, असे म्हणाले. त्या गृहस्थाचा मला वीट आला. घरी येताना माझा स्वतःचा आला, कारण पूजेच्या पळीमागे मीही देवालाच उभे केले होते.

रोहितला मी पत्र टाकले आहे. तसाच डबा पुन्हा पाठवावा, असे लिहिले आहे. त्याचे इंग्रजी नाव जयंतकडून विचारून घेतले आणि लिहिताना हात अडखळला, कारण ती वस्तू मला अजूनही आवडत नाही. तिचा आवाज उसनाच वाटतो, आणि बहुधा मरेपर्यंत वाटेल. माझ्या आवडीला यात काही स्थान नाही. तुझा कान निवळला आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर तू त्याच्यावरच वाजव. होकार दिला नाही, तर त्याला मी बंद पेटीतच ठेवीन, आणि त्याविषयी एक शब्द बोलणार नाही.

दिवाळीला तू सुरतेस येऊ नकोस. आपल्या गल्लीत चार दिवस फटाके कसे फुटतात ते तुला ठाऊक आहे. मीच वसुबारसेला वडोदऱ्यास येतो. तेथून आपण बारडोलीकडे जाऊ. माझा जुना विद्यार्थी गजेंद्र याचे घर गावापासून लांब, उसाच्या शेतात आहे. तेथे रात्री पानांच्या सळसळीखेरीज काही नसते, असे तो म्हणतो. काकडआरती इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यावाचून होईल. होऊ दे. तिला माझी गरज नाही.

येताना मी काही बोध करणार नाही. चालताना तुझ्या उजव्या बाजूने चालेन, म्हणजे हळू बोललो तरी पुरेल.

आशीर्वाद देण्यास हात उचलत नाही. वडिलकीचा मान बाजूला ठेवून या खेपेस मीच मागतो: राग ओसरेपर्यंत जेवढा जमेल तेवढाच, पण लोभ असू दे.

तुझा,
विनायक