अक्रोडाची मूठ

अण्णा,

यंदा खंडेनवमीला तुमच्या नातीनं देवापुढं पिस्तुलाची मूठ मांडली. आख्खं पिस्तूल नव्हे, नुसती मूठ, लाकडाची. तरी ती पाहून मी हादरले. हे तुम्हाला सांगायला हवं असं तेव्हापासून मनात आहे, आणि सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहीत बसले आहे. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग ती मूठ घेऊन खिडकीपाशी उजेडात गेला असतात, आणि माझं उरलेलं बोलणं तुमच्या कानावरून गेलं असतं. आई म्हणायचीच, ह्यांच्या हातात लाकूड असलं की घराला आग लागली तरी आधी विचारतील, लाकूड कुठलं जळतंय.

तुम्ही गेलात तेव्हा नात पहिलीत होती. आता ती पॉलिटेक्निकमध्ये आहे आणि एअर पिस्तूल चालवते. सिंगापूरमध्ये, हो. तुम्हाला हे खरं वाटणार नाही, कारण या गावात बंदुकीच्या बाबतीत कुणाला विनोद कळत नाही. खरी वाटेल अशी खेळण्यातली बंदूकही सामानातून आणायची नाही, हे आम्हाला आल्या आल्या ओळखीच्यांनी बजावलं होतं. नेमबाजी करायची तर क्लबात जायचं, क्लबाचं पिस्तूल घ्यायचं, सराव झाला की परत द्यायचं. ते कुलपात जातं आणि पोरगी रिकाम्या हातानं एमआरटीच्या मेट्रोनं घरी येते. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी मी तो तीनदा वाचला होता. पण वस्तू तिथली तिथं राहते, आपल्या सेम्बावांगच्या फ्लॅटचा उंबरा ओलांडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. त्यात आमचा पीआरचा अर्ज आत पडलेला. इथं कायमचं राहू देतील की नाही, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्या नजरेला आपलं काही वेडंवाकडं पडू नये, एवढीच माझी धडपड. तुमचा जावई म्हणतो, तू रस्ता ओलांडतानासुद्धा अर्जाचा विचार करतेस. करते. कुणीतरी करायला हवा.

तुमची मागची खोली मला आजही जशीच्या तशी दिसते. साखर कारखान्यातून आलात की चहा घेऊन तुम्ही तिकडं जायचात. रायफल क्लबातलं कुणीतरी आपली रायफल घेऊन, तिला लाकडी दस्ता करून घ्यायला, दारात उभं असायचंच. तुमचा पहिला प्रश्न रायफलीबद्दल कधी नसायचा. "खांदा बघू," म्हणायचात, शिंप्यासारखे. मग त्याला डोळे मिटायला लावायचे, मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लावायला सांगायचं, आणि म्हणायचं, उघडा आता. डोळ्यासमोर नेम सरळ आला नाही तर दस्ता चुकीचा. माणूस मान वाकडी करून जुळवून घ्यायला लागला की तुम्ही वैतागायचात. "तुम्ही नका हलू हो, लाकूड हलवायला मी आहे ना!" मग कानशीनं गालाकडची बाजू जराशी उतरवायची, पुन्हा डोळे मिटायचे. दारात बसून मी ते बघत असे. अक्रोडाच्या भुशाचा वास माझ्या परकराला यायचा आणि आई धुताना कुरकुर करायची.

खंडेनवमीला तुमची रायफल पाटावर. तिच्या शेजारी कानशी, पटाश्या, आईची विळी आणि शिवणयंत्राची कात्री. दरवर्षी तोच वाद. आई कुंकू लावायला पुढं झाली की तुम्ही मध्ये हात घालायचात. "पोलादाला नको, गंज धरेल. लाकडाला लाव." आई म्हणायची, देवीला तुमच्या गंजाचं काय पडलंय? शेवटी दस्त्यावर कुंकू आणि नळीवर एक झेंडूचं फूल, तेही पुसून कोरडं केलेलं. हे मी लेकीला इतक्या वेळा सांगितलं आहे की तिला ते पाठ आहे. माझीच चूक म्हणायची तर एवढीच, की मी गोष्ट सांगितली आणि ती ऐकणारी पोरगी एक दिवस तशी वागेल हे ध्यानात घेतलं नाही.

तुमची खोली रिकामी केली तेव्हा रायफल रीतसर परवान्याच्या दुकानात गेली, हत्यारं क्लबातल्यांनी नेली. मी फक्त अक्रोडाचं लाकूड आणलं. इथं वारा सुटला की आमच्या बेडरूमचं दार धाडकन आपटतं, त्याला अडण म्हणून ते पायाशी ठेवलं होतं. या पावसाळ्यानंतर दार पुन्हा आपटायला लागलं, बघते तर लाकूड जागेवर नाही. मी नवऱ्याला बोलले, की तुला कचरा आणि वस्तू यांतला फरक कधी कळणार. त्याच सुमारास वॉशिंग मशीनच्या मागं तपकिरी भुसा दिसायला लागला. मला वाटलं वाळवी. दोनदा औषध फवारलं. तुआसच्या कंपनीत मी व्हॉल्व्हमधली केसाएवढी तफावत पकडते, आणि घरात अक्रोडाच्या भुशाला वाळवी समजले. तो वास मला ओळखता येऊ नये, याचं अजून वाईट वाटतं.

तर त्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी पूजा उरकायची म्हणून मी लवकर आवरलं होतं. नवरा जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसनं गेलेला. तिथं आत प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो मला नसल्यासारखाच. पाटावर मी लॅपटॉप, सुऱ्या, माझं मायक्रोमीटर ठेवलं, टेक्का मार्केटमधून आणलेला झेंडू ठेवला. आत जाऊन निरांजन घेऊन येते, तर मध्यभागी ही मूठ. अंगठ्याला खोबण, तळव्याला फुगीर, खाली हाताला टेकू. आणि तिच्यावर कुंकू.

"हे काय आहे?"

"माझी ग्रिप. क्लबची ग्रिप मोठी आहे, माझा हात स्लिप होतो. सो मी बनवली. आजोबांच्या वुडची!" तिचा चेहरा असा फुलला होता, अण्णा. "फोटो पण टाकला, सगळ्यांना आवडला."

"कुठं टाकलास?"

"इन्स्टावर. का?" आणि मग इथल्या पोरांच्या हेलात, "आई, इट्स जस्ट वुड, ला."

नुसतं लाकूड. मी दहा वर्षांची असताना तुमचा अर्धवट झालेला दस्ता उचलून खांद्याला लावला होता आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या आईवर नेम धरून "ठो" म्हटलं होतं. तुम्ही तो माझ्या हातून असा ओढून घेतलात की बोटांची सालटी निघाली. मी रडत म्हणाले, याला नळीच नाही. "नळी नाही? खांद्याला लावलीस ना? माणसावर धरलीस ना? मग ती बंदूक," म्हणालात. तुमच्या त्या हिशेबानं माझ्या देवापुढं शस्त्र होतं. इथल्या कायद्याच्या हिशेबानं काय होतं, ते मला माहीत नव्हतं. लाकूड कोणत्या क्षणी बंदुकीचा भाग होतं? तासल्यावर? पिस्तुलाला बसवल्यावर? की आईनं घाबरून तसं म्हटल्यावर? मला एवढंच दिसत होतं की घरात बसून, क्लबाला न विचारता, माझ्या पोरीनं पिस्तुलाचा भाग तयार केला आहे आणि आपल्या नावानिशी जगाला दाखवला आहे.

ती अंघोळीला गेली. मी मूठ उचलली, झेंडूच्या फुलांसकट पिशवीत घातली आणि बाहेर पडले. आमच्याकडं कचऱ्याचं भुयार प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ असतं. झाकण ओढायचं, पिशवी सोडायची, की ती खाली. मी झाकणाला हात घातला आणि शेजारचे अंकल स्वतःची पिशवी घेऊन मागं येऊन उभे राहिले. "टुडे नो वर्क अह?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पूजा, फेस्टिव्हल. ते म्हणाले, "वा, सो मेनी फ्लॉवर्स, वेस्ट लेह." मी हसले, झाकण सोडलं आणि पिशवी छातीशी धरून परत आले. मला तुमची आठवण आली म्हणून थांबले, असं लिहायला आवडलं असतं. तसं नव्हतं. खाली कचरा वेचताना कुणाच्या हाती ती लागली तर लपवून फेकलेलं हत्यार ठरेल, या भीतीनं मी मागं फिरले. एका भीतीनं नेलं आणि दुसरीनं आणलं, माझं कर्तृत्व काही नाही.

लेक ओल्या केसांनी दारात उभी होती. पाटाकडं बघत होती. "ग्रिप?" मी पिशवीतून काढून दिली, म्हणाले, उजेडात बघत होते. तिला ते खरं वाटलं. ती मला सांगायला लागली, कशी ती डोळे मिटून हात वर करत होती, उघडल्यावर नेम कुठं येतो ते बघत होती, मग थोडं घासत होती. ही गोष्ट मीच तिला सांगितली होती. ऐकताना मला रडू येत होतं आणि घामही येत होता. मी तिला म्हटलं, आधी फोटो काढून टाक आणि तुझ्या कोचला फोन लाव. "ही विल कॅन्सल मी," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात संघाची निवड होती. मी म्हणाले, लाव. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो काढून टाकून तिनं फोन लावला.

कोच म्हातारे आहेत, चिनी, फार बोलत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, मग मला फोन द्यायला सांगितलं. "मिसेस, यू लिसन. मेकिंग ग्रिप, नॉर्मल. ऑल शूटर डू. बट अॅट क्लब, आय मस्ट नो. नाऊ यू पुट इनसाइड कबर्ड, डोंट ब्रिंग आउट. आय आस्क फर्स्ट." किती दिवस लागतील, विचारलं तर म्हणाले, डोंट नो. आणि तोवर तिचा सराव बंद.

ते दिवस मी कसे काढले, विचारू नका. दाराची बेल वाजली की पोलीस. ऑफिसात एचआरनं बोलावलं की झालंच, संपलं; तर ते दिवाळीच्या सजावटीबद्दल विचारायचे. नवरा म्हणाला, अगं, लाकडी मूठ आहे. मी म्हणाले, हेच तू त्यांना सांगशील का? लेक कॉलेजातून यायची, कपाटाकडं न बघता आपल्या खोलीत जायची. निवडणुका लागल्या की तुमची रायफल ठाण्यात जमा करावी लागायची, ते दिवस मला आठवत राहिले. तुम्ही संध्याकाळी मागच्या खोलीत नुसते बसून राहायचात. परत मिळाली की दाराआड जाऊन ती उलटसुलट तपासायचात, एकदा नव्हे, तीन-तीनदा. मला वाटायचं, गंजाची काळजी. आता वाटतं, कुणाच्या हाती पडली असेल, काय झालं असेल, हीच ती. माझा हा भित्रा स्वभाव आईकडून आला असं आपण सगळे धरून चाललो होतो. बिचारी आई. ती कुंकू लावायलाही घाबरत नव्हती.

मग कोचचा फोन आला. मूठ चालेल. क्लबात आणून द्यायची, तिथंच राहील, पुढं काही तासायचं असेल तर त्यांच्यासमोर. पोरीला कडक समज दिली. निवड तोवर होऊन गेली होती. ती या वर्षी संघात नाही. हे कळलं तेव्हा ती रडली नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "पण आपण फोन केला नसता तर मी गेले असते ना?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "ओके. मी आधीच सांगायला पाहिजे होतं, कोचना." तिचं बरोबर होतं.

काल मी काचेमागं उभं राहून तिला बघितलं. तिनं डोळे मिटले, हात उचलला, उघडले. मान हलली नाही, मनगट हललं नाही. तुमचं लाकूड तिच्या मुठीत असं बसलं होतं की कुठं लाकूड संपतं ते मला इतक्या लांबून कळेना. मला अभिमान वाटला आणि पहिला छर्रा सुटला तशी भीतीही, दोन्ही एकदम. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, अजून वुड आहे का आजोबांचं? नेक्स्ट यिअर मोठी ग्रिप लागेल, हात वाढला तर." मी म्हणाले, नाही गं, तेवढंच होतं.

आहे, अण्णा. तुमच्या खोलीतून मी दोन तुकडे आणले होते. दुसरा माझ्या साड्यांच्या खाली आहे, आज तो बाहेर काढून हुंगला. अजून त्याला कुणी कानस लावलेली नाही. तिला देईन बहुधा, पण इतक्यात नाही. थोडे दिवस मला तो नुसता लाकडाचाच हवा आहे. हे कागदही त्याच्याशेजारीच घडी घालून ठेवते.