बाबा खुर्चीवरून पडले त्याची हकिकत

इकारिया, जूनअखेर

प्रिय फ्रोसो,

सर्वांत आधी तुझी, तुझ्या नवऱ्याची आणि मुलींची तब्येत कशी आहे ते विचारतो, कारण पत्र असंच सुरू करायचं असं बाबांनी आपल्याला शिकवलं आहे. मेलबर्नला आता थंडी असेल, तेव्हा गळ्याला काहीतरी गुंडाळत जा (हेही त्यांचंच). आमचं म्हणशील तर आम्ही सगळे ठीक आहोत, बाबा सोडून. ते गेले, हे तुला फोनवर सांगितलंच आहे. तेव्हा तू म्हणालीस, "ते मला निरोप द्यायला बोटीच्या धक्क्यापर्यंत आले नाहीत, मी त्यांच्यासाठी समुद्र ओलांडून कशाला येऊ?" फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. तू ये असं म्हणायला हे पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. झालं ते तुला नीट कळावं एवढंच, कारण मारिगो आत्या फोनवरून प्रत्येकाला वेगळं सांगते आहे. अथेन्सच्या नातेवाइकांच्या मते बाबा अक्रोडाच्या झाडावरून पडले, अमेरिकेतल्यांच्या मते चर्चच्या घंटेवरून. खरं म्हणजे ते खुर्चीवरून पडले.

बाबांच्या सूचना तुला आठवत असतीलच. कलिंगड खाऊन पोहू नका, घामेजलेल्या अंगाने दारात बसू नका, होडीत शिट्टी वाजवू नका. आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी तो पंखवाला पोरगा यायचाच. दुसऱ्या गावांत मुलांना भुताची भीती घालतात; आपल्याकडे बरोबर उडणाऱ्या बापाने "उंच जाऊ नकोस" म्हणून बजावलेलं असताना सूर्यापर्यंत गेलेला, पंखांचं मेण वितळून आपल्याच समुद्रात पडलेला आणि बेटाला नाव देऊन गेलेला पोरगा पुरतो. बाबा तर त्याच्याबद्दल असं बोलायचे की तो शेजाऱ्याचा मुलगा होता आणि त्यांनी स्वतः त्याला दोनदा समजावलं होतं. अलीकडे पर्यटकांनाही ते सोडत नसत. जर्मन बाई फोटो काढायला कड्याच्या टोकाशी गेली की हे काठी आपटत मागून ओरडायचे, "बाई, वडील आहेत का? काय म्हणाले होते निघताना?" त्या बाईला ग्रीक येत नसे. ती हसून त्यांचाच फोटो काढायची.

तर मे महिन्यात मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि शाळेजवळच्या अक्रोडावर, अगदी शेंड्याला जाऊन बसलं. बाबांना बातमी लागली. मी बोटीच्या तिकिटांची माझी खिडकी बंद करून धावत गेलो (बोट लागायची होती, लोक अजून बोलतात त्यावरून). मी म्हटलं, बाबा, शिडी आखूड आहे. म्हटलं, संध्याकाळ होऊ द्या, माश्या शांत होतील. म्हटलं, मधपाळ संघाची तरणी मुलं येतो म्हणाली आहेत, त्यांच्याकडे दोरही आहेत. बाबा म्हणाले, "त्या पोरांच्या बापांचे दात यायचे होते तेव्हापासून मी मोहोळं उतरवतोय. शिडी धर आणि गप्प राहा." मी शिडी धरली आणि गप्प राहिलो. दोन्ही गोष्टींची मला सवय आहे. खाली अर्धी शाळा जमली होती. बाबा तोंडावर जाळी न घालता वर गेले, सगळं मोहोळ पेटीत झाडून घेतलं आणि एक डंख न खाता खाली उतरले. मला ते फार आवडलं, हे तुला सांगतो. त्यांना सांगितलं नाही.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाबा पेटी घेऊन थेट कॉफीच्या दुकानात गेले. (पेटी दाराबाहेर ठेवायला लावली, तरी तीन गिऱ्हाइकं उठून गेली.) तिथे त्यांनी हकिकत सांगायला घेतली. पहिल्यांदा अक्रोड होता तेवढाच होता. दुसऱ्यांदा सांगताना वाढला. तेव्हा कोपऱ्यातून पत्त्यांवरून नजर न उचलता लांब्रोस न्हावी म्हणाला, "इसिदोरे, एवढ्या उंचीवर तर तुला त्या पोराची पिसं सापडली असतील." सगळे हसले. बाबा म्हणाले, "किती उंच ते दाखवतो," आणि वेताच्या खुर्चीवर चढले. मी म्हटलं, "बाबा, खुर्ची डुगडुगते आहे." त्यांनी हात वर केला, अजून वर केला, आणि टाचा उचलल्या.

माणसं ज्या बेटावर आकाशातून पडतात, तिथे आपले बाबा गुडघाभर उंचीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वारा होता, म्हणून मोठ्या इस्पितळात न्यायला बोट नाही आणि हेलिकॉप्टरही नाही. ("आज बोट नाही" ही पाटी मलाच लावावी लागली.) आरोग्य केंद्रातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता. पण आधी ताप आला, मग छाती भरली.

शेवटी शेवटी ते सूचना द्यायचे थांबले, तेव्हा मला कळलं. एका दुपारी मी त्यांना चमच्याने सूप भरवत होतो. ते म्हणाले, "आर्जिरिस, त्या पोराच्या बापाचं काय चुकलं, माहीत आहे?" मला वाटलं, तापात बोलताहेत, कारण त्या गोष्टीत बापाचं काही चुकतं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणाले, "तो पुढे उडत होता. सांगायचं ते सांगून झालं, की निघाला पुढे. पोर पडलं तेव्हा त्याची पाठ होती. पोराला पुढे घालायचं रे, आपण मागे राहायचं. ऐको न ऐको, दिसत तरी राहतं." मग म्हणाले, सूप खारट आहे. होतंही.

अंत्यविधीला आपले पाद्री पापा-कोस्मास गर्वावर बोलायला लागले. आत्या मध्येच म्हणाली, "पापा, आवरतं घ्या. सूर्यावरून नाही पडला तो, लांब्रोसच्या चेष्टेवरून पडला." लांब्रोस रडत बाहेर गेला. नंतर आत्यानेच त्याला ब्रँडी नेऊन दिली. नवव्या दिवशी बाबांच्या नावाने चर्चमध्ये ठेवायचा कोलिवा मात्र मी केला. बाईमाणूस कुणी नव्हतं, आणि आत्याचे हात आता थरथरतात. गहू उकडले, बेदाणे, बदाम, तीळ घातले, वरून पिठीसाखरेचा जाड थर दिला आणि त्यावर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस काढला. गहू चादरीवर पसरून आदल्या रात्री कोरडे करायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये मेणबत्त्या लागल्या आणि सगळ्यांच्या देखत साखर विरघळायला लागली. क्रूस हळूहळू बुडाला. आधी आडवा हात, मग उभा, मग काहीच नाही. आत्या माझ्या कानात म्हणाली, "आर्जिरिस, हा कोलिवा आहे की लापशी?" आणि मग बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. लोकांना वाटलं, साखरेसाठी.

बाकी इकडे सर्व क्षेम. बाबांची खोली आहे तशी आहे. मुलींना माझा आशीर्वाद सांग.

तुझा भाऊ,
आर्जिरिस

ता. क. बाबांनी मला एक गोष्ट तुला सांगू नकोस असं बजावलं होतं. मी त्यांच्या सगळ्या सूचना पाळल्या, ही एक मोडतो आहे. तू मेलबर्नला निघालीस त्या दिवशी ते मधाच्या पेट्यांच्या टेकडीवर होते, जिथून धक्का दिसतो. बोट दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. म्हणाले, "वरून बघणं म्हणजे जाणं नव्हे, म्हणून सांगू नकोस."

ता. क. २. अक्रोडावरचं मोहोळ पेटीत टिकलं आहे. कुणाला वाटलं नव्हतं.

ता. क. ३. बाबांचा चाळिसावा दिवस जुलैच्या मध्यावर येतो, तेव्हा पुन्हा कोलिवा लागेल. आईचा कोलिवा तू केला होतास, एकोणीस वर्षांची होतीस, आणि त्यावरची साखर संध्याकाळपर्यंत कोरडी होती. मला पुन्हा तो क्रूस बुडताना बघवणार नाही. पत्र नेमकं कशासाठी आहे असं विचारशील, तर यासाठी आहे.

ता. क. ४. जुलैत वारा असतो. पिरेअसच्या बंदरात बोट अडली तर घाई करू नकोस, मच्छीमाराच्या होडीत तर मुळीच बसू नकोस. (बघ, लागलो मीही.) कितीही उशीर झाला तरी धक्क्यावर मी असेन. उतरलीस की तू पुढे चाल. बॅगा घेऊन मी मागून येतो.