झाडाला शिवलेल्या मुंडावळ्या

प्रिय मावशी,

आज संध्याकाळी मला तुमच्या घरी वर यायचंय. एक जिना चढायचा, एवढंच काम. पण जेवण झाल्यापासून खाटेच्या कडेला बसून आहे आणि पाय उचलत नाहीत. सेकंड शिफ्टला खाडा केलाय. कंपनीची बस डांगे चौकाकडे वळली तेव्हा वाटलं, पळत जाऊन पकडावी आणि चाकणला निघून जावं. तिथे मशीनसमोर उभं राहिलं की कुणी काही विचारत तरी नाही!

मी घाबरलोय. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितोय. आईला सांगावं तर ती आधी देवासमोर बसेल आणि मग बाबांना फोन करेल. मित्रांना सांगावं तर म्हणतील, भावा, तू आणि घाबरलास?

तू होतीस तेव्हा तुला 'तुम्ही' म्हणायचो. आता 'तू' म्हणतोय. राग आला असेल तर येऊ दे. आज मला कुणाला तरी 'तू' म्हणावंसं वाटतंय.

आधी सांगून टाकतो. तुझ्या लेकीच्या, मयुरीच्या मुंडावळ्या मी तोडल्या. तू श्रावणाच्या आधी ओवून ठेवलेल्या, तिच्या लग्नासाठीच्या, दोन्ही. कात्रीने. आणि त्यांचे मोती नाताळच्या झाडाला शिवले.

ऐकतेस ना? मला माहीत नव्हतं गं. तुझी शपथ घेतली असती, पण आता तुझी शपथ घेऊन काय उपयोग!

तुझ्या क्लासला मी पहिल्यांदा आलो तो काही मॅक्रम शिकायला नव्हे, हे तुला लगेच कळलं होतं ना? आईने सांगितलेलं तोरण न्यायचं निमित्त होतं. हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या बायका खिडकीच्या गजांना धागे बांधून बसलेल्या. तू चष्म्यावरून बघितलंस.

"तोरण न्यायला आलास की कुणाला बघायला?"

"तोरणच, मावशी."

"ते झालेलं नाही. बस. हे चार धागे धर. डोळे कुठंही फिरव, हात मात्र इथं पाहिजेत."

बायका खुसखुसल्या. मयुरी पाय आपटत आत गेली. मला इतकी लाज वाटली की खाली मान घालून गाठी मारत सुटलो, आणि त्या इतक्या आवळल्या की तुला सुईने सोडवाव्या लागल्या. "धाग्यानं तुझं काय घोडं मारलंय?" असं म्हणाली होतीस.

मी कॉलेज का सोडलं ते तू कधी विचारलं नाहीस. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. सर भर वर्गात माझ्या बापाच्या ड्रायव्हरकीवरून बोलले, मी स्टूल आपटलं आणि निघून आलो. तू फक्त म्हणायचीस, येत जा रे दुपारचा, बायकांना उंचावरचे खिळे ठोकता येत नाहीत. मी येत गेलो. खिळ्यांसाठी येतोय असं तू खरंच समजत होतीस का? की कळून न कळल्यासारखं करत होतीस? हे एकदा तरी विचारायला हवं होतं. तुझ्या पहिल्या तापाच्या दिवशी मी वर आलो होतो. तू म्हणालीस, उद्या ये, आज अंग दुखतंय. मग हॉस्पिटलच्या खाली रक्त द्यायला उभा राहिलो आणि उद्या काही आलाच नाही.

मयुरी शिकवते त्या शाळेला तू नाताळचं झाड कबूल केलं होतंस. मोठं, बालवर्गाच्या भिंतीएवढं, कारण गेल्या वर्षीचं प्लास्टिकचं झाड एका पोराच्या अंगावर पडलं होतं आणि तू म्हणालीस, माझं झाड पडलं तरी कुणाला लागणार नाही. वरची कडी, तिच्यातून सुटलेले हिरवे धागे, प्रत्येक ओळीला नवे धागे जोडत रुंद होत गेलेलं. अर्ध्यावर तू ते ठेवून दिलंस आणि तसंच राहिलं.

डिसेंबर लागला तशी मयुरी ते घेऊन आमच्याकडे आली. तुमच्या घरात करायचं तर काकांना चालेना. वर्षाच्या आत घरात सण नाही. दिवाळीला तुमच्या गॅलरीत आकाशकंदीलसुद्धा लागला नव्हता, मावशी. सगळ्या मजल्यांवर दिवे आणि तुमच्याच मजल्यावर काळोख! मयुरी म्हणाली होती की नाताळ काही आपला सण नाही, शाळेचं काम आहे. काका म्हणाले, "सजावट ती सजावट."

"तुला येतं ना रे?" तिने मला विचारलं. "आईनं मला शिकवलंच नाही. तू शीक, नोकरी कर, हे धागे माझ्यावर सोड, म्हणायची."

येत नव्हतं असं नाही, पण तुझ्या गाठींच्या खाली माझी गाठ मारायची म्हणजे काय, ते बसल्यावर कळलं. झाड गॅलरीच्या ग्रिलला टांगलं. पहिल्या दिवशी नुसता बघत बसलो. तुझी शेवटची ओळ कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते लांबूनही दिसतं. तुझी मोकळी आहे, माझी आवळलेली. पुढे जरा सुधारली. टोकं सोडवून कंगव्याने पिंजारली, मोठ्या भोकाचे लाल आणि सोनेरी मणी ओवले.

राहिला बर्फ. थेरगावात कुठला आलाय बर्फ! पण पोरांच्या चित्रांच्या पुस्तकात नाताळच्या झाडावर असतो, म्हणून पाहिजे. मयुरीने तुझा मण्यांचा बिस्किटाचा डबा आणून दिला. "यात बघ, पांढरं काहीतरी असेल."

वरच होते. पातळ कागदात गुंडाळलेले पांढऱ्या मोत्यांचे सर, दोन वेटोळी. मला वाटलं एखाद्या तोरणाची झालर असेल. मुंडावळ्या मी नवरा-नवरीच्या कपाळावर बांधलेल्या बघितल्यात, डब्यात वेटोळं करून पडलेल्या कधी बघितल्यात? कात्री घेतली आणि सर तोडले. मोत्यांची भोकं बारीक, मॅक्रमचा दोरा काही आत जाईना. म्हणून साध्या सुईदोऱ्याने एकेक मोती पिंजारलेल्या टोकांना शिवत गेलो. छान दिसलं! खरं सांगतो, मी खूश होतो. खालून गॅलरीकडे बघून आईसुद्धा म्हणाली, दवबिंदू पडल्यासारखं वाटतंय.

झाड शाळेत लागलं. आणि त्याच आठवड्यात लातूरहून मयुरीची आत्या आली.

गॅसची टाकी वर चढवून द्यायला मी आलो होतो. आत्या कपाट उपसून बसलेली. मयुरी मेथी निवडत होती, मान खाली.

"काय शोधायलाव आत्या?" मी आपला तिच्या भाषेत विचारायला गेलो.

"माझी नक्कल करतोस व्हय रे? मुंडावळ्या शोधायले. वहिनीनं आखाडात फोन केला होता की मला, वन्सं, मयूच्या मुंडावळ्या झाल्या, दोघांच्या, लोंबत्या सरांसकट, कागदात बांधून ठेवल्यात. आता रविवारी पोराकडचे येणार. वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं, नाहीतर तीन वर्षं थांबा. तीन वर्षं कोण थांबायलंय हिच्यासाठी?"

हातातली टाकी मी जमिनीवर आदळली. आवाजाने काकासुद्धा बाहेर आले, म्हणजे केवढ्याने आदळली असेल बघ.

"सापडंनात म्हणजे लक्षण चांगलं नाही," आत्या काकांकडे बघून म्हणाली. "मेल्या माणसानं लेकीसाठी केलेली वस्तू घरातून जाती कुठं?"

ज्याने स्टूल आपटलं तो मी, आणि टाकी तशीच सोडून जिना उतरलो. खाली येऊन गॅलरीत उभा राहिलो तर फरशीच्या फटीत एक मोती अडकलेला. तो उचलायचंही धाडस झालं नाही. मला अपशकुन वगैरे पटत नाही असं मी चारचौघांत म्हणतो. पण ती वस्तू तू तुझ्या हाताने ओवलेली होती, आणि मी ती कापली तेव्हा शिट्टी वाजवत होतो. मयुरीच्या आयुष्यात उद्या काही वाईट झालं तर? लग्न झालं आणि काही झालं तर? लग्न झालं, हे शब्दसुद्धा मला नीट लिहवत नाहीत.

आज सकाळी कात्री खिशात टाकून शाळेत गेलो. म्हटलं, गुपचूप मोती काढावेत, ओवावेत, कपाटामागे टाकून द्यावेत, सापडले की सापडले. पोरं सुटली होती. बालवर्गात मयुरी एकटीच छोट्या खुर्च्या एकावर एक रचत होती. माझा हात झाडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"कात्री कशाला आणलीस?"

"मोती काढायला. मयू, ते... त्या मुंडावळ्या होत्या. तुझ्या."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"मीच काढून ठेवल्या होत्या डब्यात. सगळ्यात वर. तुला दिसाव्यात म्हणून."

मावशी, माझी कानशिलं तापली. "आणि मला सांगितलं नाहीस? मी इथे रोज मरतोय! तुझ्या आईचा शाप लागेल म्हणून झोपत नाहीये मी! का केलंस असं?"

"आत्या फोनवर म्हणाली, मुंडावळ्यासुद्धा तयार आहेत, आता फक्त नवरा आणायचा. जसं काही आईनं त्या कुणाच्याही कपाळासाठी ओवल्यात! मला तोडायच्या होत्या. हात झाला नाही. म्हटलं, तू तोडशील. तुला कशाचाही तुकडा पाडता येतो."

हे ती हसत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती रडत म्हणाली. मी आणखी ओरडलो. काय ओरडलो ते तुला नाही सांगत. रिकाम्या वर्गात आवाज घुमला आणि बाहेरच्या शिपाईमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

मयुरीने डोळे पुसले. "ओरड ना. वर येऊन बाबांसमोर ओरड. इथं माझ्यावर कशाला? मी आज त्यांना सांगणारे, मोती मी दिले. दुपारचे झोपून साडेपाचला ते उठतात. तू यायचं की नाही, ते तू ठरव."

तर हे असं आहे, मावशी. माझ्या हातून चूक झाली, एवढंच होतं तोवर बरं होतं. चुकीची माफी मागता येते. पण ती चूक नव्हती. तो डबा देऊन तिने मला विचारलं होतं, माझ्यासाठी उभा राहशील का, आणि मी न कळता हो म्हणून बसलोय. आता ते कळून म्हणायचंय.

काकांची मला भीती वाटते. ते रागावतील म्हणून नव्हे. ते कधी रागावत नाहीत, तेच भीतीचं आहे. आणि फोर्जिंग शॉपमध्ये, घणांच्या आवाजात, आयुष्य काढल्याने त्यांना कमी ऐकू येतं. म्हणजे "मला मयुरीशी लग्न करायचंय" हे वाक्य मला ओरडूनच म्हणावं लागणार! हळू म्हटलं तर ते "काय?" म्हणतील, पुन्हा म्हटलं तर पुन्हा "काय?", आणि तिसऱ्या वेळेला माझा आवाज चढलाय की मी चढवलाय हे कुणाला कळणार? वरून आत्या. ती काही टोचून बोलली, तिने बापाचं नाव काढलं, अर्धवट कॉलेजचं काढलं, तर? मी मला ओळखतो. मला सगळ्यात जास्त माझीच भीती वाटते.

आणि तुझीही, थोडी. नवऱ्याची मुंडावळी ओवताना तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं? कुणीच नसेल. आईला नुसती लेक दिसत असेल. पण समजा कुणी होतं, आणि तो मी नव्हतो? असं असेल तर मी वर जाऊन जे मागणार आहे ते तुझ्याविरुद्ध आहे. तू काहीच बोलून ठेवलं नाहीस. एवढी बोलकी बाई, एवढ्या बाबतीत गप्प का राहिलीस गं?

वर खुर्ची सरकली. काका उठले वाटतं. आज लवकर उठले.

मी जातोय. तुला दोन गोष्टी कबूल करतो आणि जातो. आत्या काहीही बोलली, काका नाही म्हणाले, तरी मी काही आपटणार नाही, दारसुद्धा नाही. बसून ऐकेन, आणि उठताना पाया पडून खाली येईन.

दुसरी गोष्ट. नाताळची सुट्टी लागली की झाड उतरवायला मीच जाणार. एकेक मोती टाका उसवून काढीन, फरशीतलाही काढीन, आणि दोन्ही मुंडावळ्या पुन्हा ओवीन, तू ओवल्या होत्यास तशा, हात मोकळा ठेवून. नवरा मी असलो तरी ओवीन आणि नसलो तरी ओवीन. फक्त मी नसलो, तर त्या बांधायच्या वेळी मला मांडवात उभं राहायला सांगू नकोस. तेवढं मला जमणार नाही.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा ओंकार