समुद्रातली यांची बहादुरी

अड्याळ, १२ नोव्हेंबर १९७८, संध्याकाळ

आज ओट्यावर पाहुण्यायले हे पुन्हा समुद्राची गोष्ट सांगत होते. दिवाळीत माझ्या भावाकडे रत्नागिरीले गेलो, तवा एका कोळ्याच्या होडीत आम्ही दोघं मासे धरायले बसलो. अचानक वारं सुटलं, लाटा आत येऊ लागल्या. हे तळाशी पडून ओकत होते आणि मी डब्यानं पाणी उपसत होती. हात सोलून निघाले, अजून लुगडं पिळता येत नाही. यांच्या गोष्टीत त्या डब्याचं नावही नाही. "हिले मीच धीर देत होतो," म्हणे. चारचौघात मी कायले गप्प बसली?

घरात आल्यावर विचारलं, "तुमी मले कवा धीर देला जी?"

खाली पाहत म्हणाले, "तू उपसणं थांबवलं असतं, तं मी रडलो असतो."

मंग हेच ओट्यावर सांगाले काय होते यायले?