आभाळाने तोडलेलं बोलणं

मोंबासा बंदर,
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय दीपमालाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, आईच्या पायांवर डोकं.

मी मजेत आहे. जहाजावर जेवण चांगलं मिळतं, फक्त तुझ्या हातच्या भाकरीची आठवण येते.

परवा संध्याकाळी समुद्रावरून फोन लागला तेव्हा तू म्हणालीस, "डोक्यातली गाठ काढली रे ललित, पण आई अजून..." आणि तुझा आवाज थरथरत विरून गेला. मी नुसता ओरडत राहिलो, "अजून काय? ताई, अजून काय?"

दोष सातपूरच्या फोनचा नव्हता. जहाजावरचा फोन रेडिओवरून जातो, म्हणून आपला आवाज फार उंचावरच्या, विजेने भारलेल्या हवेच्या थरावर आपटून खाली येतो. विषुववृत्ताजवळ सूर्य मावळला की त्या थरात बुडबुडे उठतात आणि आवाज विखरतो. जहाजाचा रेडिओ ऑफिसर मीच, हे सगळं मला पाठ आहे. त्या वेळी त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कॅप्टनसाहेब म्हणाले, "सकाळपर्यंत थांब." थांबलो, पण नको नको ते मनात येत होतं.

सकाळी आभाळ सावरलं आणि तुझी तार मिळाली: आई शुद्धीवर, जेवली. वाचून रडूच आलं.

आता वाटतं, मला धीर द्यायला तर तसं लिहिलं नाहीस ना? यापुढे फोन सकाळीच लावीन. भाऊजींची रात्रपाळी संपली का? स्नेहल आजीपाशी बसते का?

आणि ताई, खरं सांग. आई स्वतःच्या हाताने जेवली, की तू भरवलंस?

तुझा धाकटा,
ललित