डॉलीच्या तीन आया

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

निमोणे, ता. शिरूर
२ मार्च १९९७

चि. ज्ञानदेव व सौ. सुषमा यांस मारुतदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक. तुमचे ठीक असेल तर कळवावे, आणि कळवण्यासारखे काही नसेल तर दौंड स्टेशनावर चहा अजून तसाच पांचट मिळतो का, तेवढे तरी कळवावे. मोठ्या भावाला एवढीही बातमी पुरते.

पोपटरावाच्या दुकानात पेपर शिरूरहून एसटीने येतो. आधी ड्रायव्हर वाचतो, मग कंडक्टर, मग आम्ही. त्यामुळे दिल्लीचा अर्थसंकल्प निमोण्याला एक दिवस उशिरा लागू होतो. पेपरवाले म्हणतात, फार सुखाचे बजेट आहे. सुख आले की एसटीतून उतरवून घेऊ. रांजणगावच्या माळावर मोठमोठे कारखाने येणार, हेही छापून आले आहे. त्या माळावर आपली मेंढरं पावसाळ्यातसुद्धा अर्धपोटी राहायची. तिथे कारखाना पोसला जाणार असेल तर कंपनीवाल्यांना माझा नमस्कार सांगितला पाहिजे.

पण या आठवड्याची खरी बातमी आपल्या धंद्यातली आहे. स्कॉटलंड म्हणून मुलूख आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी मेंढीची हुबेहूब नक्कल केली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतला कण घेतला, दुसरीचे बीज घेतले आणि तिसरीच्या पोटात वाढवले. नराचा काडीचा संबंध नाही. नाव ठेवले डॉली. दोनशे सत्त्याहत्तर वेळा खटपट केली तेव्हा ही एक जगली म्हणे. मी दुकानात म्हटले, आपला काळा नर तेवढ्या दिवसांत तीन कळप उभे करील, आणि माझा फोटो छापा असेही म्हणणार नाही.

गंमत पुढेच आहे. तीन आया आणि बाप नाही. असले कोकरू कळपात सोडले तर त्याने जायचे कोणाकडे? मेंढी हुंगून ओळखते. तिन्ही हुंगणार, हे माझे नव्हे म्हणणार आणि टक्कर देणार. मी सांगितले, परके ते परकेच. नावगाव नसलेले कोकरू आमच्या कळपात आजवर टिकले नाही आणि पुढेही टिकायचे नाही. असा हशा पिकला म्हणता! सावळाराम शेंगांच्या पोत्यावरून खाली आला. मला तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

तुझी वहिनी रतनबाई तेवढी हसली नाही. म्हणाली की, तीन आया असूंद्यात न्हाईतर तेरा, त्या कोकराला दूध कुणी पाजलं ते पेपरात आलंय का. ते काही आले नव्हते.

होळीला दोघेही यावे. लोभ आहेच, तो पुरणपोळीसोबत वाढवून घेऊ.

तुझा,
मारुतदादा

*

रेल्वे कॉलनी, दौंड
२१ मार्च १९९७

प्रिय प्रतिभाताईंस सुषमाचा स. न. वि. वि.

शिरूरला उन्हाळा लागला असेल. तुमच्या कचेरीत टाइपरायटरवर पंखा येतो का, की तो अजून साहेबांच्याच डोक्यावर आहे? इथे कॉलनीतली सगळी माणसं संध्याकाळी गच्चीवर जाऊन धूमकेतू बघतात. चार हजार वर्षांपूर्वी येऊन गेला होता म्हणे. शेजारच्या जाईबाई म्हणाल्या की, एवढ्या लांबून आलाय तर बसाया तरी सांगा त्याला. मी खूप दिवसांनी हसले.

आमचे सगळे तुम्हाला एकटीलाच माहीत आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते. लग्नाला नऊ वर्षे झाली, डॉक्टरांनी दिवाळीतच आता थांबा म्हणून सांगितले आणि डिसेंबरपासून आम्ही दर बुधवारी पुण्याच्या संस्थेत त्या पोरीला भेटायला जातो. ती आता सात महिन्यांची झाली. खालचे दोन दात आलेत. मला बघितले की आधी गंभीर होते आणि मग माझ्या चष्म्यावर झडप घालते. संस्थेच्या बाईंनी सगळी चौकशी पुरी केली, घर पाहून गेल्या, आता एकच कागद राहिला आहे. मूल आमच्या कुटुंबात आपले म्हणून राहील, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी लिहून द्यायचे. पूर्वी एका घरातून आजोबांना पटले नाही म्हणून मूल परत आले होते, तेव्हापासून बाई हा कागद घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. एक मेपर्यंत मुदत आहे.

सासूसासरे नाहीत, तेव्हा वडीलधारे म्हणजे दादाच. होळीला निमोण्याला जाऊन बोलायचे आम्ही ठरवले होते. आणि दादांचे पत्र आले. तुमचे भाऊ नेहमीसारखे दादांच्या आवाजात मोठ्याने वाचत होते. डॉली म्हणून कोणी मेंढी आहे, तिची गंमत. परके ते परकेच, इथपर्यंत आले आणि आवाज दादांचा राहिला नाही. पत्राची घडी घालून त्यांनी ते रेडिओखाली ठेवले आणि ड्यूटीला गेले. सिग्नलचे काम करणारा माणूस, एकदा दांडा पडला की पडला.

मी त्यांना म्हटले की दादांना कुठे माहीत होते, ते मेंढीबद्दल बोलले. त्यांचे म्हणणे, माहीत नसतानाच माणूस मनातले बोलतो. आता विचारले तर दादा माझ्यावरच्या मायेने हो म्हणतील, आणि ते तसले हो पोरीला जन्मभर टोचेल.

तुम्ही दादांना काही लिहू नका, माझी शपथ आहे. निमोण्याला गेलेले पत्र आधी पोपटरावांच्या दुकानात वाचले जाते आणि मग घरी येते. माझी पोर दुकानात वाचली जायला नको.

आठवण ठेवावी, आणि तुमच्या टाइपरायटरला एखादा रविवार आमच्यासाठी द्यावा.

तुमची,
सुषमा

*

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

निमोणे
१८ मे १९९७

चि. ज्ञानदेवास आशीर्वाद.

मी तीन पत्रे लिहिली, तुझे एक कार्ड आले, त्यात चार ओळी. त्यातली एक पत्त्याची. होळीला आला नाहीस, जत्रेला आला नाहीस. रेल्वेने तुला एकट्यालाच कामावर ठेवले आहे की काय?

बातम्या बऱ्याच तुंबल्या आहेत. बुद्धिबळातला जगातला सगळ्यांत हुशार माणूस परवा एका कॉम्प्युटरकडून हरला. पेपरात मोठी हळहळ आहे, माणसाचे आता कसे होणार वगैरे. मला नवल वाटले नाही. यंत्राला भूक नाही, झोप नाही, घरून कोणी बोलवायला येत नाही. असल्याशी खेळायलाच बसू नये. पोपटरावाला मी म्हटले, तुझ्या दुकानात कॉम्प्युटर ठेव, उधारी मागताना तो लाजणार नाही. त्याने माझ्याच उधारीची वही काढली.

मोबाइल फोनचीही चर्चा आहे. खिशात फोन घेऊन माणूस कुठेही बोलू शकतो. इथे घरात बसून भाऊ भावाशी बोलत नाही, त्याला खिशातला फोन काय करणार? हे मी गमतीने लिहितो आहे, रागावू नकोस.

तुझी वहिनी मात्र गमतीत नाही. म्हणते की सुषमाच्या मनात कायतरी सलतंय. तुम्हास्नी पेपरातलं समदं कळतं, आन् घरातलं कायबी कळत न्हाई. मी म्हटले, घरातले पेपरात छापून येत नाही, त्याला मी काय करू. कुरडया आणि सांडगे सावळारामाच्या हाती पाठवले आहेत, तो दौंडला लग्नाला येतो आहे. त्याला निदान चहा तरी द्यावा.

उत्तराची वाट पाहतो. न आले तरी पुढचे पत्र लिहीनच, तेव्हा सुटका नाही.

तुझा,
मारुतदादा

*

शिरूर
६ जुलै १९९७

ती. स्व. दादांस प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर लिहिलेच आहे, पण आत पुन्हा लिहिते. हे पत्र दुकानात वाचू नका. घरी जा, वहिनीला जवळ बसवा आणि तिला वाचून दाखवा.

ज्ञानदेव आणि सुषमा पुण्याच्या एका संस्थेतून मुलगी दत्तक घेणार होते. सगळे ठरले होते. पोरीला खालचे दोन दात आले होते, सुषमाला बघितले की चष्म्यावर झडप घालायची. फक्त तुमचे एक पत्र हवे होते, मूल आपल्या घरात आपले म्हणून राहील एवढ्याच मजकुराचे. ते मागायला होळीला येणार होते. त्याआधी तुमचे डॉलीचे पत्र गेले, ते मी नंतर दौंडला वाचले. परक्या कोकराबद्दल तुम्ही काय लिहिले ते तुम्हाला आठवत असेल, तीन दिवस सांगत होतात. त्यांनी ते तुमचे मत समजून मागणेच सोडले. मुदत संपली. जूनच्या मध्यावर संस्थेने मुलगी दुसऱ्या एका जोडप्याला दिली. सुषमाने चार झबली शिवून ठेवली होती, ती तिने बाईंकडे पाठवून दिली.

तुम्हाला कळवायचे नाही अशी शपथ तिने मला घातली होती. मी ती पाळली, आणि आता मला वाटते की ती पाळण्यात मीही चुकले.

दादा, रागाने लिहीत नाही, पण एक विचारते. मी नऊ वर्षांची होते, आपला कळप वडगाव रासाईला भीमेच्या काठी बसला होता. एक मेंढी व्याली आणि मेली. दुसरीचे कोकरू आदल्या दिवशी गेले होते. तुम्ही तिचे दूध काढून त्या पोरक्या कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळलेत, मेंढीला खुंट्याला बांधलेत आणि तीन दिवस तिथेच बसून राहिलात. ती लाथा मारत होती, टकरा देत होती, तुम्ही पुन्हा दूध चोळत होता. चौथ्या दिवशी तिने त्याला चाटले. मी विचारले होते की आता हे कोकरू कुणाचे. तुम्ही म्हणालात, जिचं पितंय तिचं, आन् काय.

मग आमच्या कळपात टिकलेच नाही, हे तुम्ही कुठून आणलेत?

मुलांचे, माझे ठीक. कृपा असावी, आणि या पत्राचा राग आला तर तो माझ्यावरच ठेवावा.

तुमची,
प्रतिभा

*

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

निमोणे
१३ जुलै १९९७

चि. सौ. सुषमास अनेक आशीर्वाद.

पत्र तुला लिहितो आहे, ज्ञानदेवाला नव्हे. तो वाचेलच.

मंगळावर गाडी उतरली, हे तू वाचले असशील. एवढीशी आहे, हातभर चालते आणि थांबते. तिथला निरोप इथे पोचायला दहा-अकरा मिनिटे लागतात. माझ्याच घरातली बातमी दौंडहून निमोण्याला यायला चार महिने लागले. यात पोस्टाचा दोष नाही. असले वाक्य मी एरवी दुकानात टाकले असते. आता टाकणार नाही.

मी चुकलो. प्रतिभाने लिहिले ते अक्षर अन् अक्षर खरे आहे. मी ते कोकरू विसरलो होतो म्हणावे, तर तसेही नाही. डॉलीची गोष्ट सांगताना ते माझ्या डोळ्यांसमोर होते. पण ते खरे सांगितले असते तर दुकानात कोणी हसले नसते. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली धंद्याची रीत मी चार माणसांच्या हशासाठी खोटी केली. दोनदा, तीनदा केली, आणि वर पत्रात लिहून तुमच्या घरी पाठवली.

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे बोलायला आहे, याचा मला अभिमान होता. ज्ञानदेव लहानपणापासून माझे ऐकतो, म्हणून मला बोलायला आवडते. तो इतके ऐकतो हे मला ठाऊक नव्हते. पत्र ऐकल्यावर रतनबाई एवढेच म्हणाली की, ती पोर हितं यायची व्हती. मला रडू आले, ते लपवले नाही.

ती मुलगी तर गेली. दुसरीचे नाव काढायचे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे. मी त्यात आग्रह करणारा कोणी नाही. पण पुन्हा संस्थेत न जाण्याचे कारण मी असू नये, एवढे माझ्यासाठी करा. संस्थेच्या बाईंना द्यायचा कागद सोबत ठेवला आहे. वाचून पाहा. नको असेल तर फाडून टाक, मी विचारणार नाही.

पत्र आले तर ते मी घरीच वाचीन. माया तुमच्यावर पहिल्यापासून आहे, ती तुमच्यापर्यंत नीट पोचली नाही, त्याची क्षमा असावी.

तुझा,
मारुतदादा

*

(सोबतचा कागद)

निमोणे, ता. शिरूर, जि. पुणे
१३ जुलै १९९७

मा. संचालिका बाई यांस सा. न. वि. वि.

मी ज्ञानदेवचा थोरला भाऊ. शिक्षण सातवी, धंदा शेती व मेंढपाळी. आमच्या घरात मूल येण्यास माझी संमती आहे का, असे आपण विचारले आहे. मुलाला आपल्या घरी यायला चुलत्याची संमती लागू नये. तरी आपला नियम आहे आणि तो योग्य आहे, म्हणून देतो. मुलगा असो वा मुलगी, काळे असो वा गोरे, धडधाकट असो वा अशक्त, ज्ञानदेव आणि सुषमा ज्याला आणतील ते आमच्या घराचे. माझ्या पश्चात कोणी वेगळे म्हणाले तर त्याला हा कागद दाखवावा.

आणखी एक. खालचे दोन दात आलेली, चष्म्यावर झडप घालणारी एक मुलगी जूनमध्ये आपल्याकडून दुसऱ्या घरी गेली. ती आमची व्हायची होती, माझ्यामुळे झाली नाही. ती कोठे आहे हे मी विचारत नाही, विचारण्याचा मला हक्क नाही. फक्त तिथे ती रुळली आहे, एवढेच एका कार्डावर कळवता आले तर कळवावे. मी ते कोणाला वाचून दाखवणार नाही.

आपला नम्र,
मारुतराव